थंड डिस्कवर पकड घेणारा ब्रेक पॅड

जळगाव-धुळ्याकडच्या इंजिनीअरिंग कॉलेजांत विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी छोटी रेस गाडी बांधायला घेतली की ब्रेक पॅडची चर्चा फिरून फिरून उन्हावर येते. भुसावळला मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, मग 600 अंश सोसणारा रेसिंग पॅडच घेऊ, असं ठरतं. इथेच निवड चुकते.

चालकासह गाडी 300 किलोची धरा. ताशी 80 किलोमीटर वेगाला तिच्यात सुमारे 74 किलोज्यूल ऊर्जा असते. थांबताना त्यातला साधारण 70 टक्के भार पुढच्या दोन डिस्कवर पडतो, म्हणजे एकेकीच्या वाट्याला 26 किलोज्यूल. अर्ध्या किलोच्या स्टीलच्या डिस्कचं तापमान तेवढ्याने 110 अंशांच्या आसपास वाढतं. पुढचा ब्रेक लागेपर्यंत वारा त्यातली काही उष्णता काढूनही नेतो. डिसेंबरची 10 अंशांची पहाट आणि मेची दुपार यांतला फरक 35 अंशांचा, म्हणजे एका जोरदार ब्रेकच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. जड गाडीसाठी बनवलेला पॅड या तापमानाला जागाच होत नाही. आणि स्पर्धेतली ब्रेक टेस्ट तर थंड पॅडवरच होते: एकदा वेग घ्यायचा, पेडल दाबायचं, चारही चाकं लॉक झाली पाहिजेत. पिथमपूरच्या बाहासाठी (खडबडीत रस्त्यावरच्या गाड्यांची विद्यार्थी स्पर्धा) असो वा सपाट ट्रॅकवरच्या फॉर्म्युला गाडीसाठी, पॅड पहिल्याच दाबाला धरणारा हवा.

घर्षणांकाचा, म्हणजे पॅड डिस्कला किती घट्ट धरतो त्या आकड्याचा, परिणाम थेट पायावर होतो. अशा गाडीचं पुढचं चाक चांगल्या टायरवर लॉक करायला सुमारे 360 न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. चार पिस्टनचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा), पिस्टन 25 मिलिमीटरचे आणि डिस्कची प्रभावी त्रिज्या 90 मिलिमीटर असेल, तर घर्षणांक 0.45 असताना 45 बार दाब पुरतो, 0.35 असताना 58 बार लागतो. 15.9 मिलिमीटरचा मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने फ्लुइडवर दाब आणणारा), पायाचा जोर पाचपट करणारं 5:1 पेडल आणि बॅलन्स बारवर (पुढच्या-मागच्या ब्रेकांत जोर वाटणारा दांडा) पुढे 60 टक्के वाटा धरला, तर पायाचा जोर 31 किलोवरून 39 किलोवर जातो. चालक बारीक अंगाचा असेल तर हे आठ किलो फार आहेत.

पॅडच्या कडेवर दोन अक्षरांचा कोड छापलेला असतो. पहिलं अक्षर कमी तापमानातल्या घर्षणाचं, दुसरं जास्त तापमानातल्या. ई म्हणजे 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. आपल्याला पहिलं अक्षर जी हवं, किमान एफ. हा कोड पॅडच्या छोट्या तुकड्याच्या चाचणीवरून ठरतो, म्हणून चाळणी म्हणून वापरा. शेवटचा निकाल गाडीवरच लागतो.

लेझरने कापलेल्या 410 स्टेनलेसच्या डिस्कवर बाइकचा सिंटर्ड पॅड (धातूची भुकटी तापवून-दाबून केलेला) चांगला चालतो, चिखल-पाण्यातही. बिडाच्या डिस्कला मात्र तो लवकर झिजवतो. तिथे सेमी-मेटॅलिक (रेझिनमध्ये धातूचे तंतू मिसळलेला) बरा. ऑरगॅनिक पॅड (रेझिनने बांधलेल्या तंतूंचा) थंड असताना छान धरतो, पण फार तापला की त्यातल्या रेझिनचा गॅस होतो आणि पकड सुटते. पुढे-मागे वेगळी जात बसवली तर तापमानाबरोबर दोन्हींचा घर्षणांक सारखा बदलत नाही आणि बॅलन्स बारचं सेटिंग बिघडतं.

पॅड बसवण्याआधी त्याच्या तोंडावर मार्करने चार आडव्या रेघा मारा. हलका ब्रेक धरून चाक हाताने फिरवा आणि पॅड काढून बघा. रेघा एकाच बाजूला पुसल्या असतील तर कॅलिपरचं ब्रॅकेट तिरपं आहे. ते सरळ करा. पॅड बदलून हा दोष जात नाही.

मग बेडिंग, म्हणजे नवा पॅड डिस्कवर बसवून घेणं. बंद मैदानात ताशी 50 वरून 10 पर्यंत, मध्यम दाबाने, दहा वेळा. मध्ये अर्धा मिनिट सोडा. शेवटी तीन मिनिटं हळू चालवून डिस्क थंड होऊ द्या. गरम डिस्कवर ब्रेक दाबून गाडी उभी ठेवली की पॅडचा छाप तिथेच बसतो आणि पुढे पेडल थरथरतं. डिस्कवर एकसारखा करडा थर दिसला की काम झालं.

पेडल कडक लागतं पण गाडी थांबत नाही, असं झालं तर संशय पॅडवर घ्या. पेडल स्पंजासारखं दबतं, तेव्हा लाइनमध्ये हवा असते. गरम झाल्यावरच खोल जात असेल तर ब्रेक फ्लुइड उकळलं. डॉट 4 जातीचं फ्लुइड ताजं असताना किमान 230 अंश सोसतं, ओल शोषलेलं असेल तर ही हमी 155 पर्यंत येते. पावसाळ्यात उघडा राहिलेला डबा वापरूच नका.

मागची डिस्क स्प्रॉकेटशेजारी असेल तर चेनचं तेल उडून पॅडवर बसतं. मध्ये पत्र्याचा आडोसा लावा. पॅड चकाकत असेल तर मास्क लावून, सपाट काचेवर 100 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून घासा. तेल मुरलेला पॅड मात्र घासून, भाजून सुधारत नाही. तो टाकून द्या आणि त्या अ‍ॅक्सलचे दोन्ही बाजूंचे पॅड एकदमच बदला.