बेअरिंगने इशारा दिला. मशीन थांबवायचं कुणी?

मिनिटाला १५०० फेरे घेणारी एक मोटर घ्या. म्हणजे सेकंदाला २५ फेरे. तिच्या बेअरिंगमध्ये नऊ छर्रे आहेत आणि बाहेरच्या कड्याचा एक बारीकसा टवका उडाला आहे. त्या खळग्यावरून छर्रा गेला की हलका ठोका बसतो. छर्ऱ्यांचं कडं शाफ्टच्या साधारण चाळीस टक्के वेगाने फिरतं, त्यामुळे सेकंदाला नव्वदच्या आसपास ठोके पडतात. मोटरच्या गोंगाटात ते कानाला कळत नाहीत. पण बेअरिंगजवळ कंपनाचा सेन्सर बसवून त्याच्या नोंदींचं वारंवारतेनुसार पृथक्करण केलं, की आलेखात ९० हर्ट्झजवळ, म्हणजे सेकंदाला ९० कंपनांच्या जागी, सुळका दिसतो. टवका आतल्या कड्याचा असेल तर सुळका १३५ च्या आसपास येतो. मोटर न उघडता नेमकं काय बिघडलंय ते कळतं, आणि बहुतेक वेळा बेअरिंग जॅम होण्याच्या बरंच आधी.

मोठ्या उद्योगांत इंटरनेट ऑफ थिंग्जचं (आयओटीचं), म्हणजे वस्तूंना सेन्सर लावून त्या नेटवर्कला जोडण्याचं, मला सगळ्यात पटणारं काम हेच. केव्हिन ॲश्टन यांनी १९९९ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये असताना हे नाव वापरलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर मालावर लावायच्या रेडिओ चिप होत्या. पुढे मोटरी, पंप, कंटेनर, लिफ्ट सगळेच त्यात आले.

असा सेन्सर सेकंदाला २० हजार नोंदी घेतो आणि एक नोंद २ बाइटची, असं धरलं तर दिवसाकाठी एकाच मोटरीचा जवळपास साडेतीन जीबी डेटा जमतो. हजार मोटरींचा हा सगळा डेटा क्लाउडवर ढकलण्यात शहाणपण नाही. म्हणून पृथक्करण सेन्सरमध्येच किंवा शेजारच्या गेटवेवर, म्हणजे सेन्सरांचा डेटा गोळा करून पुढे पाठवणाऱ्या उपकरणावर, उरकतात आणि पुढे मोजके आकडे पाठवतात. तरीही साठतं त्यातलं फारसं कुणी पाहत नाही. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीच्या २०१५ च्या अहवालात समुद्रातल्या एका तेल-प्लॅटफॉर्मचं उदाहरण आहे: सेन्सर ३० हजार, आणि तपासला जाणारा डेटा एक टक्का.

सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीने २०१७ मध्ये १,८४५ अधिकाऱ्यांची पाहणी केली होती. त्यात सुमारे ६० टक्के आयओटी प्रकल्प प्रायोगिक टप्प्यातच अडकल्याचं आढळलं, आणि आपला एखादा प्रकल्प पूर्ण यशस्वी झाला असं म्हणणाऱ्या कंपन्या फक्त २६ टक्के होत्या. मला याचं नवल वाटत नाही. प्रयोगासाठी नवी, सरळ वागणारी चार मशीन निवडली जातात. खरा प्लांट तसा नसतो. तिथे मॉडबससारखा १९७९ चा प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांची आपसातली भाषा, बोलणारी यंत्रं अजून चालू असतात. मॉडबस फक्त इतकं सांगतो की अमुक क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या कप्प्यात, ४१२ हा आकडा आहे. ते तापमान आहे की दाब, ४१२ आहे की ४१.२, हे कुठल्या तरी जुन्या फाइलमध्ये किंवा निवृत्त झालेल्या इंजिनिअरच्या डोक्यात असतं. हा अर्थ लावत बसणं हेच काम महिनोन्‌महिने चालतं.

जुनं म्हणजे टाकाऊ मात्र नव्हे. ४ ते २० मिलिअँपिअरचा जुना करंट लूप पाहा, म्हणजे सेन्सरचं माप वायरमधल्या विद्युतप्रवाहाने कळवायची पद्धत. त्यात शून्य मापासाठी मुद्दाम ४ मिलिअँपिअर ठेवले आहेत, म्हणजे प्रवाहच शून्यावर आला तर वायर तुटली हे लगेच समजतं. नव्या वायरलेस सेन्सरकडून नोंद येणं थांबलं, तरी काही डॅशबोर्ड शेवटचा आकडा हिरव्या रंगात तसाच मिरवत राहतात.

आता समजा सगळं जमलं आणि रात्रपाळीत इशारा आला: सात नंबरच्या मोटरीचं बेअरिंग जाणार. मेंटेनन्सला मशीन थांबवायचं असतं. प्रॉडक्शनला सकाळपर्यंतची ऑर्डर पुरी करायची असते. गेल्या महिन्यात दोनदा खोटा इशारा येऊन गेलेला असतो. थांबवण्याचा अधिकार कुणाचा, आणि इशारा चुकीचा निघाला तर वाया गेलेले तास कुणाच्या खाती, हे आधी ठरलेलं नसेल तर सेन्सर बसवून उपयोग नाही. आयओटी घेणाऱ्या कंपन्या इथेच सगळ्यात कमी वेळ देतात, असं माझं मत आहे.

इशाऱ्यांची गर्दी झाली की काय होतं, याचं उदाहरण आयओटीच्या आधीचं आहे. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथल्या टेक्साको रिफायनरीत स्फोट झाला. त्याआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म वाजले होते. त्यात एक व्हॉल्व्ह प्रत्यक्षात बंद असताना कंट्रोल सिस्टीम तो उघडा असल्याचं दाखवत होती. माणूस दर दहा मिनिटांना एखादा अलार्म नीट हाताळू शकतो, असं या क्षेत्रातले मार्गदर्शक निकष धरतात. हजारो सेन्सर लावताना हा आकडा समोर ठेवलेला बरा.

सुरक्षेचं थोडक्यात: २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने, म्हणजे घातक सॉफ्टवेअरने, लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते बहुतांशी कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदललेच नव्हते म्हणून. प्लांटचं नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवणं ही पहिली पायरी.

आणि एक हिशोब, जो प्रयोगाच्या टप्प्यात सहसा मांडलाच जात नाही. दहा हजार वायरलेस सेन्सर, प्रत्येकाची बॅटरी पाच वर्षं टिकणारी. म्हणजे वर्षाला दोन हजार बॅटऱ्या, सुट्ट्या न धरता रोज पाच-सहा. काही सेन्सर छताजवळच्या पाइपवर असतात, काही चालू मशीनच्या गार्डमागे. तिथे शिडी लावायला, मशीन बंद करून घ्यायला परमिट लागतं. ज्या मशीनचं थांबणं टाळायला सेन्सर बसवला, ते मशीन त्याची बॅटरी बदलण्यासाठी थांबवावं लागणार असेल, तर तिथे सुरुवातीलाच वायर ओढून घेणं स्वस्त पडतं.