अळीला सवय लागत नाही

"अळीले औषधाची सवय झाली भाऊ." कापसाच्या पट्ट्यात कुठल्याही कृषी केंद्राच्या ओट्यावर दहा मिनिटं बसा, हे वाक्य कानावर पडतंच. शेतकऱ्याच्या तोंडून ते आलं तर मला त्यात गैर वाटत नाही. ज्या फवारणीने अळी पटापट पडायची तिनेच आता काही होत नाही, हे त्याने स्वतः पाहिलेलं असतं आणि ते खरंच असतं. पण हेच वाक्य जसंच्या तसं बातम्यांत येतं, शेतीच्या कार्यक्रमात तज्ज्ञ म्हणून बोलावलेली माणसं तेच म्हणतात, वर्गात "प्राणी परिस्थितीशी जुळवून घेतात" एवढं सांगून फळा पुसला जातो, तेव्हा मला स्वस्थ बसवत नाही. सवय आणि अनुकूलन ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत आपल्याला महाग पडली आहे.

सवय तुम्हाला ठाऊक आहे. कुदळ धरून तळहाताला घट्टे पडतात, उन्हात कातडी रापते, रोज झणझणीत खाणाऱ्याला ठेचा तिखट लागेनासा होतो. सगळं एकाच शरीरात, त्याच्या एका आयुष्यात घडतं आणि तिथेच संपतं. गवंड्याच्या घरी जन्मलेल्या बाळाचे हात मऊच असतात.

अनुकूलन दुसऱ्या वाटेने येतं. एकाच जातीच्या जमावात सगळे सारखे नसतात. त्यांच्यातले काही फरक जनुकांतले असतात, म्हणजे पोराबाळांत उतरणारे. आहे त्या परिस्थितीत ज्यांची संतती जास्त तगते, त्यांचे गुण पुढच्या पिढीत जास्त दिसतात. ही चाळणी म्हणजे नैसर्गिक निवड. पिढ्यान्‌पिढ्या तिच्यातून गेल्यावर जमावात जे गुण साचतात ते अनुकूलन. सवय लवकर लागते, अनुकूलनाला पिढ्या जाव्या लागतात. सवय मोडते, अनुकूलन रक्तात उतरतं. हे फरक कुठल्याही गाइडात मिळतील आणि तिथे कोणी अडखळत नाही.

अडखळतात ते एकाच जागी. फरक आधी आला की विष आधी आलं?

बहुतेकांच्या मनातला क्रम असा असतो: विष आलं, अळीला त्रास झाला, त्रासातून ती बदलली, मग तिची पिल्लंही तशीच निपजली. खरा क्रम उलटा आहे. वेगळी अळी विष येण्याच्या आधीपासून शेतात होती. तिच्या वेगळेपणाचा तोवर तिला काही उपयोग नव्हता, म्हणून ती लाखांत एखादी होती. विषाने तिला घडवलं नाही, तिच्या भोवतालच्या बाकीच्या सगळ्या मारून टाकल्या.

हे नुसतं म्हणणं नाही, करून दाखवलेलं आहे. जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग ह्या अमेरिकन दांपत्याचा १९५२ सालचा प्रयोग मला फार आवडतो, कारण त्याला लागली मखमल. एका गोल ठोकळ्यावर मखमलीचा तुकडा ताणून बसवायचा. बशीत जिवाणू वाढवायचे आणि त्यांच्यावर तो ठोकळा हलकेच टेकवायचा. मखमलीच्या लवेला जागोजागचे जिवाणू चिकटतात. मग तोच ठोकळा, पोस्टात शिक्का मारतात तसा, विष घातलेल्या दुसऱ्या बश्यांवर एकामागून एक टेकवायचा. त्या बश्यांत जवळजवळ सगळे जिवाणू मेले, दोन-चार ठिपके तेवढे उगवले. पण एका बशीत ठिपका जिथे, दुसरीत नेमका तिथेच, आणि तिसरीतही तिथेच. विषाच्या धक्क्याने जिवाणू बदलत असते तर प्रत्येक बशीत ठिपके भलत्याच जागी उगवले असते. एकाच जागी उगवले, कारण विष न लागलेल्या मूळ बशीत त्या जागी तसले जिवाणू आधीच बसलेले होते. मग त्या मूळ बशीतल्या नेमक्या जागेवरचे जिवाणू उचलून, हीच रीत पुन्हा पुन्हा करून त्यांनी शेवटी असे जिवाणू वेगळे काढले, ज्यांच्या पूर्वजांना विषाचा कधी स्पर्शही झाला नव्हता आणि तरी ते त्या विषाला दाद देत नव्हते. सवय लागायला आधी गाठ तर पडावी लागते!

आता बोंडात येऊ. बीटी कापूस म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस ह्या जिवाणूचं जनुक घातलेला कापूस. झाड स्वतःच एक प्रथिन तयार करतं. ते अळीच्या पोटात गेलं की आतड्याच्या अस्तरावरच्या एका रेणूला, कॅडहेरिनला, जाऊन चिकटतं. कुलपात किल्ली बसावी तसं. मग आतड्याला भोकं पडतात, अळी खाणं सोडते आणि मरते. गुलाबी बोंडअळीत एखादीच्या ह्या कॅडहेरिनच्या जनुकात बिघाड असतो. कुलूपच मोडकं, त्यामुळे किल्ली बसत नाही. ही अळी बोंडात सुईच्या टोकाएवढी असताना शिरते, मागचं भोक बुजतं आणि ती आत सरकी खात बसते. वेचणीला बोंड फोडलं की डागाळलेली कवडी, म्हणजे किडका कापूस, हाताला लागते, कधी कधी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत गुलाबी अळी निजलेली सापडते. हिने काहीही सोसलेलं नाही, काही शिकलेलं नाही. ती जन्मली तेव्हाच अशी होती.

म्हणूनच "बळी तो कान पिळी" म्हणजे नैसर्गिक निवड, असं कोणी सांगितलं की मला ते खोडावंसं वाटतं. बोंडात जगलेली अळी बळकट नसते. तिच्यात एक भाग बिघडलेला असतो, आणि त्या वर्षी, त्या शेतात, तो बिघाडच कामाला येतो.

गल्लतीचं मूळ मला आपल्या क्रियापदांत दिसतं. 'जुळवून घेणं', 'बदलून घेणं', 'सावरून घेणं'. हे 'घेणं' आलं की करणारा आला, त्याची इच्छा आली, त्याचा शहाणपणा आला. सून सासरी जुळवून घेते, ते ठीक; तिथे खरोखर एक माणूस रोज मन मारून काहीतरी करत असतो. 'उंटाने वाळवंटाशी जुळवून घेतलं' म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकच उंट उभा राहतो, वाळूकडे बघून विचार करणारा. माझा आग्रह आहे की अनुकूलनाबद्दल लिहिताना 'घेतलं' लिहूच नये. 'टिकले', 'उरले', 'वाढत गेले' लिहावं, आणि कर्ता नेहमी अनेकवचनी ठेवावा. तसंच 'साठी'. 'फळं फोडण्यासाठी चोच जाड झाली' असं लिहिणाऱ्याने आधी एक प्रश्न स्वतःला विचारावा: कोणाची चोच, कधी?

गॅलापागोसच्या डॅफ्ने मेजर बेटावर ह्या प्रश्नाचं उत्तर मोजून मिळालं. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे दोघे जीवशास्त्रज्ञ तिथे १९७३ पासून फिंच पक्ष्यांच्या पायात कडी घालून एकेकाची चोच मोजत होते. १९७७ मध्ये पाऊस पडला नाही. बारीक बिया संपल्या आणि उरली ती गोखरूच्या, म्हणजे आपल्या सराट्याच्या भाऊबंद वनस्पतीची काटेरी, टणक फळं. बहुतेक पक्षी मेले. पुढच्या पिढीची चोच सरासरीने सुमारे अर्ध्या मिलिमीटरने जाड भरली. कडी घातलेल्या एकाही पक्ष्याची चोच उपासमारीने जाड झाली नव्हती. जाड चोचीवाले त्यातल्या त्यात जास्त उरले आणि पिल्लं त्यांची झाली. काही वर्षांनी अतिवृष्टी होऊन बारीक बियांचा सुकाळ झाला, तेव्हा पारडं लहान चोचीकडे झुकलं. असेच जमाव एकमेकांपासून तुटून वेगवेगळ्या चाळण्यांतून दीर्घकाळ गेले की जाती वेगळ्या होतात. गॅलापागोसच्या फिंचांच्या इतक्या जाती झाल्या त्या अशाच.

कोणी म्हणेल, सवय वेगळी असेल, पण शेवटी दोन्ही एकाच दिशेला नेतात ना? आधी सवय, मग तीच मुरून अनुकूलन? हा गैरसमज सगळ्यात चिवट, आणि तो सोडवायला तिबेटचं पठार पुरेसं आहे. पुण्याहून लेहला, साडेतीन हजार मीटरवर, गेलात की श्वास जोरात चालतो, आणि काही आठवडे राहिलात तर रक्तातल्या लाल पेशी वाढतात, हिमोग्लोबिन चढतं. विरळ हवेतून जास्त प्राणवायू ओढायचा शरीराचा हा उपाय. खाली उतरलात की ते पुन्हा पहिल्यासारखं होतं. ही सवय. पण तिची किंमत असते: रक्त दाट होतं, हृदयावर ताण येतो, गरोदरपणात गुंतागुंत होते. आता हजारो वर्षं त्या उंचीवर राहत आलेल्या तिबेटी लोकांचं हिमोग्लोबिन आपल्याहून किती तरी जास्त असेल असं वाटेल. ते तसं नसतं. खूप उंचीवरही ते मैदानी माणसाच्या नेहमीच्या पातळीच्या आसपास राहतं. ईपास-१ नावाच्या जनुकाचा एक प्रकार तिबेटी लोकांत फार मोठ्या प्रमाणात आढळतो, हे २०१० मध्ये उघड झालं. उंचीवर गेल्यावर रक्त दाट करण्याची जी घाई शरीर करतं, तिला हा प्रकार लगाम घालतो. २०१४ मध्ये दिसलं की तो डेनिसोव्हन ह्या नामशेष झालेल्या मानवगटाकडून संकरातून आलेला आहे. म्हणजे इथेही फरक आयता होता, चाळणी नंतर लागली. एकच पठार, तीच विरळ हवा. सवय रक्त दाट करते, निवडीने ते दाट होऊ न देणारी माणसं टिकवली. एक मुरून दुसरं झालं असतं तर असं दिसलं असतं का?

(घट्टा पडण्याची, रापण्याची क्षमता हीसुद्धा निवडीतूनच आली आहे, हे खरं. पण क्षमता वारशाने येते, घट्टा येत नाही.)

जाता जाता प्रतिजैविकांबद्दल. "त्याच्या शरीराला गोळ्यांची सवय झाली" हे दवाखान्याच्या बाकावर रोज ऐकू येतं. गोळीला न जुमानणारे असतात ते जिवाणू. माणसाच्या शरीराचा त्यात संबंध नाही. त्या माणसाने आयुष्यात एकही गोळी घेतली नसली तरी दुसऱ्याकडून आलेले तसले जिवाणू त्याला आडवं करू शकतात.

आता शेतातली किंमत. २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली तेव्हापासून अट होती: शेताभोवती बिगर-बीटीच्या पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, यातलं जे जास्त असेल ते. त्यासाठी ४५० ग्रॅमच्या बीटीच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं वेगळं पाकीट यायचं. आपल्याकडे त्याला रेफ्युजी म्हणतात. आमच्या घरीही ते पाकीट बांधावर फेकलेलं मी पाहिलं आहे. काकांचं म्हणणं सरळ होतं: अळीला मुद्दाम खाऊ घालायला कापूस कशाला लावायचा? अळीला विषाची सवय लागते असं धरलं तर काकांच्या म्हणण्यात काहीच चूक नाही. विषाशी गाठच न पडलेल्या अळ्या पोसून काय मिळणार?

निवड समजली की त्याच ओळींचा अर्थ लागतो. मोडक्या कुलपाचा गुण अप्रभावी असतो, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच अळी वाचते. समजा ते जनुक हजारांत एक आहे. मग दोन्हीकडून मिळालेली अळी दहा लाखांत एक. शेतात निव्वळ बीटी असेल तर त्या दहा लाखांतून तेवढ्याच तसल्या उरतात, पतंग होऊन आपसातच जोड्या जमवतात, आणि त्यांची सगळी पिल्लं वाचतात. काठाला पाच ओळी बिगर-बीटी असतील तर तिथून शेकडो साधे पतंग निघतात. वाचलेल्या एकट्या पतंगाची जोडी त्यांच्यातल्या कुणाशी तरी जमते. पिल्लांना एक चांगलं कुलूप मिळतं आणि ती बीटी बोंडात मरतात. काठावर पोसलेल्या अळ्यांचं काम ते.

आपल्याकडे ओळी लागल्या नाहीत. जोडीला फरदड, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत उभं ठेवलेलं पीक, आणि संकरित वाण, ज्यांच्या एकाच बोंडातल्या सगळ्या सरक्यांत विष सारखं नसतं. २०१० मध्ये गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या विषाला जुमानत नसल्याचं जाहीर झालं. २००६ मध्ये आलेला दोन विषांचा कापूसही टिकला नाही, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडंच्या बोंडं किडली.

अमेरिकेतल्या ऍरिझोनात १९९६ पासून हेच विष आणि हीच गुलाबी बोंडअळी. तिथल्या अळ्यांतही मोडक्या कुलपाचं जनुक असल्याचं प्रयोगशाळेत दिसलेलं होतं. दहा वर्षं अळ्या तेच प्रथिन खात होत्या, पण ते जनुक विरळच राहिलं. २००६ पासून त्यांनी वरून विमानाने नपुंसक पतंग सोडायला सुरुवात केली, आणि २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या कापूसपट्ट्यातून ही अळी हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. सवयच लागायची असती तर त्या दहा वर्षांत लागली नसती का? त्या दहा वर्षांत तिथल्या वाचलेल्या पतंगांना जोडीदार मिळत राहिले ते शेजारच्या बिगर-बीटी कापसातले.