दहावीची डायरी आणि आठवणींचा उंचवटा

मागच्या महिन्यात दादरला आमच्या दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर झालं. सगळे पन्नाशीला टेकलेले, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच पालुपद : ते दिवस परत येणार नाहीत! मीही मान डोलावली. घरी येऊन माळ्यावरची ट्रंक उघडली, तर तळाशी माझी दहावीची डायरी सापडली. पानोपानी बीजगणिताची धास्ती, कपाळावरच्या पुटकुळ्या आणि 'आज माझ्याशी कोणी बोललं नाही'. सोनेरी दिवस शोधत शेवटच्या पानापर्यंत गेले. नव्हते.

यात खोटं कोणीच बोलत नाही. ना डायरी, ना आम्ही.

माणसाला एक साधा शब्द द्यायचा, समजा 'पाऊस', आणि त्यावरून जी पहिली आठवण येईल ती कोणत्या वयातली हे विचारायचं. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७९ च्या सुमारास हा प्रयोग स्वतःवरच करून पाहिला होता. पुढे १९८६ मध्ये मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रुबिन आणि सहकाऱ्यांनी अशा बऱ्याच प्रयोगांची आकडेवारी एकत्र मांडली. चाळिशी ओलांडलेल्यांना अलीकडच्या आठवणी भरपूर येतात, मागे जावं तशा त्या विरळ होतात, आणि साधारण १० ते ३० या वयाशी आलेख पुन्हा वर चढतो. याला 'रेमिनिसन्स बंप' म्हणतात. आपण आठवणींचा उंचवटा म्हणू.

एक कारण नवलाईचं. मी वीस वर्षं ८:१४ ची फास्ट पकडली, पण त्या हजारो सकाळींची मिळून एकच धूसर सकाळ उरली आहे. २६ जुलै २००५ मात्र तासातासानं आठवतो. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. शाळेच्या वयात तर जवळजवळ सगळंच पहिल्यांदा होतं : एकटीनं काढलेलं लोकलचं तिकीट, घरी न सांगता पाहिलेला सिनेमा, जिवाभावाच्या मैत्रिणीशी तुटलेलं बोलणं.

मग वयाचा हिस्सा किती आणि नवलाईचा किती? मला सगळ्यात आवडलेला पुरावा स्थलांतरितांचा आहे. रॉबर्ट श्रॉफ आणि रुबिन यांनी १९९८ मध्ये अमेरिकेत स्थायिक झालेल्या स्पॅनिशभाषक वृद्धांच्या आठवणी तपासल्या. तिशी उलटल्यावर देश सोडलेल्यांचा उंचवटाही पुढे सरकलेला होता. हे वाचलं आणि लालबागची आमची आत्या आठवली. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी ती कोकणातून मुंबईत आली. तिच्या गोष्टींत गावची शाळा नावालाही नसते. असते ती चाळ, नळावरची भांडणं आणि गिरणीचा भोंगा.

दुसरं कारण असं की वाईट आठवणीची धार चांगल्या आठवणीपेक्षा लवकर बोथट होते. बीजगणिताची धास्ती विरली, डबा वाटून खाल्ल्याचं सुख राहिलं.

पण त्या त्या क्षणी मुलं किती सुखी असतात? मिहाय चिक्सेंटमिहाय आणि रीड लार्सन यांनी शिकागोजवळच्या ७५ शाळकरी मुलामुलींना आठवडाभर पेजर दिले होते. तो वाजला की, आत्ता कसं वाटतंय ते लिहायचं. मुलांचा मूड मोठ्यांपेक्षा जास्त वरखाली होत होता, आणि वर्गात तर बहुतेक कंटाळाच. याच पद्धतीनं लॉरा कार्स्टेन्सेन यांनी १८ ते ९४ वयाच्या माणसांचा दहा वर्षं मागोवा घेतला. वय वाढतं तसं रोजचं भावनिक जगणं सुधारत जातं, असं त्यांना दिसलं. आमच्या ग्रुपवर हे टाकलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, तो भाग वेगळा.

माझी भाची यंदा दहावीत आहे. पहाटे क्लास, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा क्लास. गेट-टुगेदरचे फोटो बघता बघता ती म्हणाली, "मावशी, हेच सगळ्यात चांगले दिवस असतील तर पुढे काय वाढून ठेवलंय गं?" मी काही न बोलता डायरी तिच्या हातात दिली. बीजगणिताच्या पानावर ती जोरात हसली आणि मग बराच वेळ वाचत बसली.