सुटका झाली, पण माफी मिळाली का? म्यानमारचं कलम ४०१

‘म्यानमारच्या लष्करी सरकारनं हजारो कैद्यांना माफी दिली’ अशी बातमी आली की आपण ती लगेच सुधारणेच्या खात्यात जमा करतो. पण तुरुंगाच्या दारातून एकाच सकाळी बाहेर पडलेल्या दोघांपैकी एकाची शिक्षा संपलेली असते, दुसऱ्याची नुसती थांबलेली. फोटोत फरक कळत नाही.

माफी म्हणजे हिशेब मिटला. कलम ४०१ खालची सुटका म्हणजे उधारी चालू. फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या या कलमानुसार सरकार अटी घालून शिक्षा स्थगित करतं. अट मोडली असं सरकारचं मत झालं की स्थगिती रद्द, पोलीस वॉरंटशिवाय उचलणार आणि उरलेली सगळी शिक्षा भोगायची.

हे कलम काही जनरलांच्या डोक्यातून निघालेलं नाही. ते इंग्रजांच्या १८९८ च्या संहितेतलं; ब्रह्मदेश १९३७ पर्यंत हिंदुस्थानचाच प्रांत होता. आपल्याकडे १९७३ च्या संहितेत ते ४३२ झालं. मराठी माणसाला असा कागद तर फार आधी भेटलाय. राजद्रोहाच्या पहिल्या खटल्यात टिळकांना १८ महिने झाले होते. सहा महिने बाकी असताना, १८९८ मध्ये, त्यांना सोडलं ते अटींवर सही घेऊनच: अट मोडल्यास वॉरंटशिवाय अटक आणि राहिलेली शिक्षा पुरी करणं. टिळक कायदा शिकलेले! अटीतलं ‘लेखन, भाषण, कृती’ म्हणजे न्यायालयानं गुन्हा ठरवलेलंच, हा खुलासा त्यांनी सहीसोबत नोंदवून घेतला. दहा वर्षांनी नव्या खटल्यात ते मंडालेला गेले, ती गोष्ट वेगळी.

१३ जानेवारी २०१२ ला म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांच्या सरकारनं ६५१ कैदी सोडले. त्यांत १९८८ च्या विद्यार्थी आंदोलनाचे नेते मिन को नाइंग होते, शिक्षा ६५ वर्षं. २००७ च्या भिक्खूंच्या आंदोलनाचे एक नेते भिक्खू गंबीरा होते, शिक्षा ६८ वर्षं. जगभर स्वागत झालं, पण सुटका ४०१ खाली होती. साठेक वर्षं डोक्यावर टांगती ठेवूनच ही माणसं घरी गेली. गंबीरांना त्यानंतर पुन्हा पुन्हा अटक झाली.

म्हणून ते सगळं नाटक होतं असं मी म्हणणार नाही. त्याच ऑगस्टमध्ये छापण्याआधीची सेन्सॉरशिप गेली, आणि सुटलेली माणसं उघडपणे बोलू लागली. ही भर खरीच होती.

तिसराही एक प्रकार आहे, शिक्षेतली कपात. ऑगस्ट २०२३ मध्ये आँग सान सू ची यांची ३३ वर्षांची शिक्षा २७ वर आली. बातम्यांत तीही ‘माफी’च.

बिनशर्त माफी बघायची असेल तर २००८ च्या राज्यघटनेतलं कलम ४४५ काढा. आधीच्या लष्करी परिषदांनी आणि त्यांच्या सदस्यांनी कर्तव्य म्हणून केलेल्या कृत्यांबद्दल त्यांच्यावर खटलाच भरता येत नाही. जनरलांकडून कुठल्या कागदावर सही घेतलेली नाही.