पोटगीतला ‘पाव हिस्सा’ आला कुठून?

कौटुंबिक न्यायालयाच्या आवारात हे वाक्य हमखास कानावर पडतं : “पगाराचा पाव हिस्सा जाणारच.” कुणी तिसरा हिस्सा सांगतं, जुने वकील पाचवा. हिंदू विवाह कायद्यात किंवा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात) यातला एकही अपूर्णांक नाही. पण तो हवेतूनही आलेला नाही.

पाचवा हिस्सा 1869 च्या घटस्फोट कायद्यातला. हा कायदा ख्रिस्ती जोडप्यांसाठी होता. दावा चालू असताना द्यायची पोटगी नवऱ्याच्या मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ उत्पन्नाच्या एक-पंचमांशापेक्षा जास्त नसावी, असं त्याचं कलम 36 सांगे. ही मर्यादा 2001 मध्ये गेली. वकिली सवय मात्र राहिली.

हिंदूंसाठी असा कायदाच नव्हता. अनेक जातींत काडीमोड, सोडचिठ्ठी आणि पाट चालत, उच्चवर्णीय बाई मात्र लग्नातच अडकलेली. नवऱ्याकडे नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंना 1887 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात, असं सांगितलं. 1888 मध्ये तडजोड झाली ती नवऱ्याला 2000 रुपये देऊन! पुढे शाहू महाराजांनी 1919 मध्ये कोल्हापुरात, सयाजीरावांनी 1931 मध्ये बडोद्यात घटस्फोटाचे कायदे केले. मुंबई प्रांताचा कायदा 1947 चा, आणि देशभरासाठीचा हिंदू विवाह कायदा 1955 चा. त्यातलं कलम 24 दाव्यादरम्यानच्या पोटगीचं, कलम 25 कायमच्या पोटगीचं. दोन्हींत नवराही मागू शकतो.

गरीब बाईचा रस्ता मात्र फौजदारी कोर्टातून गेला. खेड्यापाड्यांत ज्याला आजही ‘खावटी’ म्हणतात ती ही. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम 488 महिना 50 रुपयांपर्यंतच मुभा देई. 1923 मध्ये मर्यादा 100 झाली, 1955 मध्ये 500. त्यात मोठं भोक होतं : नवऱ्याने घटस्फोट दिला की ती ‘पत्नी’ उरत नसे आणि खावटी थांबे. 1973 च्या संहितेतल्या कलम 125 ने घटस्फोटितेलाही, पुनर्विवाह होईपर्यंत, पत्नी मानलं. पण 500 ची मर्यादा तशीच. ते 500 सगळ्या कुटुंबाला मिळून की माणशी, यावरही भांडण झालं. माणशी, असं सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये ठरवलं. महाराष्ट्राने स्वतःच्या दुरुस्तीने मर्यादा 1500 केली आणि सप्टेंबर 2001 मध्ये केंद्राने ती काढूनच टाकली. 1 जुलै 2024 पासून हेच नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम 144 झालं आहे.

मर्यादा गेल्यावर आकडा कशावर बसवायचा? 2017 च्या बंगालमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ पगाराच्या 25 टक्के रक्कम योग्य ठरेल असं म्हटलं, आणि ‘पाव हिस्सा’ तिथून पसरला. गंमत अशी की त्याच निकालात नवऱ्याचा निव्वळ पगार 95,527 रुपये असताना, त्याच्या दुसऱ्या संसाराचा विचार करून पोटगी 23,000 वरून 20,000 वर आणली. म्हणजे पाव हिस्सासुद्धा नाही.

खरा बदल नागपूरच्या प्रकरणातून आला. तिथल्या कौटुंबिक न्यायालयाने पत्नीला महिना 15,000 आणि मुलाला आधी 5,000, पुढे 10,000 ठरवले होते. वाद वर्षानुवर्षं चालला. 4 नोव्हेंबर 2020 रोजी ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं. शेतीवर जगणाऱ्यांसाठी नमुना वेगळा. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, आणि एका कायद्याखाली मिळालेली रक्कम दुसऱ्याखाली लपवायची नाही.

बहुतेक प्रकरणं बिघडतात ती याच कागदावर. नवरा गाडीचा, फ्लॅटचा हप्ता दाखवून हातात काही उरत नाही म्हणतो; पण आयकर, सक्तीचा भविष्यनिर्वाह निधी यांसारख्या कपाती वेगळ्या आणि स्वतःहून घेतलेलं कर्ज वेगळं, असंच न्यायालयं सहसा धरतात. पत्नी नोकरी लपवते आणि बँकेच्या पासबुकात पगार दिसतो; मग तिच्या बाकीच्या खऱ्या म्हणण्यावरचाही विश्वास उडतो. पत्नी कमावते एवढ्यावर हक्क जात नाही, रक्कम कमी होऊ शकते. मुलांचा खर्च वेगळा मागावा, फीच्या पावत्यांसह.

गोव्यात हिशेबच निराळा. पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर, मालमत्ता दोघांची सामाईक धरली जाते; म्हणून तिथे निम्मी वाटणी आधी, पोटगी नंतर.

वसुलीत एक मुदत अनेकींना महाग पडते. फौजदारी कोर्टाची थकलेली खावटी वॉरंटने वसूल करायची, तर ती देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. तीन वर्षांची थकबाकी एकदम मागायला गेलं, की जुन्या दोन वर्षांवर पहिली हरकत येते ती याच मुदतीची.