वाहन परवाना चाचणीतील भाषेची अट

वाहन चालवण्याच्या परवान्यासाठीच्या चाचण्या कोणत्या भाषांत घ्याव्यात आणि उमेदवाराला त्या भाषेचे किती ज्ञान असावे, यासंबंधीच्या नियमांचा या संज्ञेत समावेश होतो. यात दोन वेगळ्या गोष्टी येतात. पहिल्या प्रकारात भाषा हे केवळ परीक्षेचे माध्यम असते. दुसऱ्या प्रकारात भाषा येणे हीच स्वतंत्र पात्रता ठरते. सार्वजनिक वादात या दोहोंची सर्रास गल्लत होते.

वाहतूक नियमांची चाचणी आता अनेक देशांत संगणकावर, पर्यायी उत्तरांच्या स्वरूपात होत असल्याने ती अनेक भाषांत देणे तांत्रिकदृष्ट्या अवघड राहिलेले नाही. जर्मनीत ही चाचणी जर्मनखेरीज 12 भाषांत देता येते; त्यांत तुर्की, रशियन, पोलिश यांच्या जोडीला 2016 पासून अरबीही आहे. खरी अडचण भाषांतराच्या दर्जाची असते. ‘पुढीलपैकी कोठे ओव्हरटेक करू नये?’ या प्रश्नातील नकार भाषांतरात निसटला, तर नियम चोख माहीत असलेला उमेदवारच चुकतो. शिवाय लेखी प्रश्न वाचनक्षमताही तपासतात. ज्याला बोलीभाषा उत्तम समजते पण वाचता येत नाही, त्याची अडचण भाषांतराने सुटत नाही. त्याच्यासाठी प्रश्न ऐकवण्याची सोय अधिक उपयोगी पडते.

दुभाष्याची सोय यापेक्षा नाजूक आहे. दुभाषी उत्तर सुचवत असेल, तर ती भाषा न जाणणाऱ्या परीक्षकाला ते कळण्याचा मार्ग नसतो. ब्रिटनमध्ये पूर्वी 19 परकीय भाषांतील ध्वनिमुद्रित प्रश्न व दुभाषी उपलब्ध होते. 7 एप्रिल 2014 पासून ते बंद करण्यात आले. गैरप्रकार आणि रस्ता सुरक्षा ही कारणे सरकारने पुढे केली होती. इंग्रजी व वेल्श भाषांतील ध्वनिमुद्रण आणि कर्णबधिरांसाठी ब्रिटिश सांकेतिक भाषेची सोय मात्र कायम राहिली.

प्रत्यक्ष चाचणीत लागणारी भाषा तुलनेने थोडी असते. ‘पुढच्या चौकात डावीकडे वळा’, ‘सुरक्षित जागा पाहून गाडी बाजूला घ्या’ अशा मोजक्या सूचनांवर बहुतेक काम भागते. पण त्या त्याच क्षणी कळाव्या लागतात. चौक जवळ आला असताना मागच्या सीटवरून भाषांतर होईपर्यंत वळण निघून गेलेले असते.

भाषेच्या अटीच्या बाजूने फलक वाचता येण्याचा मुद्दा नेहमी मांडला जातो. रस्त्यावरील चिन्हांविषयीच्या 1968 च्या व्हिएन्ना करारात आकार, रंग व चित्रे यांवर भर असल्यामुळे तो मुद्दा नेहमीच्या चिन्हांबाबत लंगडा पडतो. तात्पुरती वळणे, अपघाताच्या सूचना आणि इलेक्ट्रॉनिक फलक यांबाबत मात्र त्यात तथ्य आहे.

या विषयावरील सर्वांत परिचित खटला अमेरिकेतील आहे. अलाबामा राज्याने 1990 मध्ये घटनादुरुस्तीने इंग्रजीला अधिकृत भाषा ठरवले आणि त्यानंतर पूर्वी अनेक भाषांत होणारी परवाना चाचणी केवळ इंग्रजीत घेण्यास सुरुवात केली. हा 1964 च्या नागरी हक्क कायद्याखालील नियमांचा भंग असल्याचे खालच्या न्यायालयांनी मान्य केले होते. परंतु ‘अलेक्झांडर विरुद्ध सँडोव्हाल’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये 5 विरुद्ध 4 मतांनी तो निर्णय फिरवला. भेदभावाचा हेतू नसून केवळ परिणाम विषम असल्यास, त्या नियमांच्या आधारे खासगी व्यक्तीला दावा लावता येत नाही, एवढेच न्यायालयाने ठरवले. इंग्रजीची सक्ती योग्य की अयोग्य, हा प्रश्न त्याने अनुत्तरितच ठेवला. निकालाचा उल्लेख करताना हा भेद बऱ्याचदा सुटतो.

व्यावसायिक चालकांच्या बाबतीत निकष कडक होतात. अमेरिकेत आंतरराज्य मालवाहतूक करणाऱ्या चालकाला जनतेशी संवाद साधण्याइतके, वाहतूक फलक समजण्याइतके, अधिकाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याइतके आणि नोंदी भरण्याइतके इंग्रजी यावे लागते. ही तरतूद जुनीच होती. 2025 मध्ये तिची अंमलबजावणी कडक करण्यात आली आणि रस्त्यावरील तपासणीत अपुरे इंग्रजी आढळल्यास चालकाला तेथेच वाहन चालवण्यापासून रोखण्याची पद्धत पुन्हा लागू झाली.