उडवतं कोण, प्लेट की फोम?

"सर, यात कार्बन प्लेट आहे. तुम्ही नुसता पाय टेका, पुढे ढकलायचं काम बूट करतो!" दुकानातला मुलगा धावण्याचा बूट दोन्ही हातांनी वाकवायला बघत होता आणि तो कसा वाकत नाही ते कौतुकाने दाखवत होता. किंमत ऐकून मला माझी पहिली स्कूटर आठवली. पण माझी नजर होती प्लेटच्या वर-खाली असलेल्या जाड पांढऱ्या फोमवर. खरी करामत त्याची.

बूट स्वतः ऊर्जा तयार करत नाही. पाय टेकताना आपण फोम दाबतो, त्यात ऊर्जा साठते. पाय उचलताना फोम फुगतो आणि तिचा काही भाग परत करतो. बाकीची उष्णता होऊन जाते. ही उष्णता येते कुठून? फोम म्हणजे बंद बुडबुड्यांची दाटी. बुडबुड्यांच्या भिंतींमध्ये पॉलिमरच्या लांबलचक साखळ्या असतात आणि दाबताना त्या एकमेकींना घासत सरकतात. दाब आणि फोम किती दबला याचा आलेख काढला, तर दाबतानाची रेघ वर आणि सोडतानाची तिच्या खालून जाते. मधलं क्षेत्रफळ म्हणजे वाया गेलेली ऊर्जा. याला हिस्टेरेसिस म्हणतात. नेहमीच्या बुटांतल्या ईव्हीए फोममध्ये हे क्षेत्रफळ मोठं असतं. शर्यतीच्या महागड्या बुटांत असतो त्या पेबा फोमच्या साखळीत नायलॉनच्या जातकुळीतले कडक तुकडे आणि मऊ तुकडे आलटून-पालटून येतात. कडक तुकडे गाठी धरून ठेवतात, मऊ तुकडे ताणले जाऊन जागेवर परततात, म्हणून घासाघीस कमी.

अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात 2017 साली नायकीचा पेबावाला बूट यंत्राखाली दाबला (पाठबळ नायकीचंच, हेही सांगून ठेवतो), तेव्हा त्याने 87 टक्के ऊर्जा परत दिली. ईव्हीएच्या बुटाने सुमारे 66 टक्के. शिवाय तो 12 मिलिमीटर दबला, दुसरा त्याच्या निम्माच. म्हणजे साठवण जास्त आणि परतावाही जास्त. तो घालून धावणाऱ्या 18 जणांचा ऊर्जाखर्च सरासरी 4 टक्क्यांनी घटला. पुढे काही संशोधकांनी त्याच बुटाच्या चवड्याखालची प्लेट सहा ठिकाणी आडवी कापली. खर्चात नाव घेण्यासारखा फरक पडला नाही!

ते 18 जण मात्र ताशी 14 ते 18 किलोमीटरने पळत होते. मी 10 ने रखडतो. त्या वेगाला पुढच्या एका चाचणीत बचत जेमतेम 1 टक्का निघाली.

मुलाने मग ओल्या पायाचा ठसा घेऊन 'तुमचा आर्च (तळपायाची कमान) सपाट, हाच बूट घ्या' असं भविष्य वर्तवलं. हस्तरेषा तळपायावर उतरल्या म्हणायच्या! अमेरिकी सैन्यदलांतल्या नवभरतीच्या जवानांना तळपायाच्या आकारानुसार बूट वाटून पाहिले आहेत. दुखापती काही कमी झाल्या नाहीत.

मी चार जोड्या घालून दुकानाबाहेरच्या फरसबंदीवर पळून आलो. तीन चवड्याशी आवळत होत्या. चौथी घेतली, साधी ईव्हीएची. मुलगा जरा हिरमुसला.